कोठीतला गायक

गाण्याचं आणि माझं वाकडं आहे, हे सगळ्यांत आधी पेटीमास्तरांना कळलं. कळंबला सप्ताह होता आणि हरिपाठाला आम्हा मुलींची एक रांग उभी केली होती. मास्तर पेटी सोडून उठले, रांगेतून एकेकीच्या तोंडाशी कान नेत पुढे सरकले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. दूध नासल्याचा वास कुठून येतोय ते शेवटी सापडावं, तसा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, "पोरी, तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नगंस." शेजारच्या मुली फिसकन हसल्या. मी तोंड हलवलं. सप्ताह संपेपर्यंत रोज हलवलं, इतकं मनापासून, की काल्याच्या दिवशी एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती जीव तोडून म्हणतीस गं बाय!" मी घरी आले आणि मोरीत बसून रडले. कारण खरं सांगायचं तर मला गायला फार आवडत असे. गळा नसला म्हणून हौस नसते असं थोडंच आहे!

आमचं मूळ घर बोरी बुद्रुकचं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांची मेंढरं होती, थोडी शेती होती, आणि आवाज असा होता की कुकडीच्या अलीकडून हाळी दिली तर पलीकडचं मेंढरू मान वर करायचं. तोच आवाज माझ्या वाट्याला आला, जाड आणि थोडा फाटका. बोरीत त्याला कोणी कधी नावं ठेवली नाहीत. तिथे आवाज पोचला की झालं. गोड आहे की नाही हे मेंढरं विचारत नाहीत. पण पुढे शाळेसाठी मला कळंबला बबनमामांकडे ठेवलं आणि तिथे आवाजाला सूर नावाची आणखी एक गोष्ट लागते, हे मला पेटीमास्तरांकडून समजलं.

मामांचा धंदा लाऊडस्पीकरचा. पुढे दुकान, मागे घर, आणि भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी. त्या घराची आठवण मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त येते. सकाळी मामी भाकरी थापायच्या त्याची थपथप, दुकानात मामा माईक तपासत "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचे ते, आणि नऊच्या पुढे गिरणीचा पट्टा सुरू झाला की सगळ्यांवरून फिरणारी ती घरघर. भांड्यांच्या मांडणीवर ताटंसुद्धा त्या घरघरीत थरथरायची. मामींच्या हाताला चव होती. थंडीत हुलग्याची शेंगोळी करायच्या, लसणाचा ठेचा घालून, आणि कोणी पाहुणा आला की मासवड्या. नाव मासवडी असलं तरी तिच्यात मासा नसतो; बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा भरून माशासारखी वळायची म्हणून मासवडी, असं बाहेरच्या माणसांना मला आजही समजावून सांगावं लागतं. रस्सा असा व्हायचा की जेवताना कोणी बोलत नसे, नुसते फुरके ऐकू यायचे. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मी शाळेतून आले की दुकानात बसायची. वायरी गुंडाळणं, कर्ण्यांवरची धूळ पुसणं, टेपचं डोकं स्पिरिटनं साफ करणं ही कामं मला कोणी शिकवली नाहीत, बघून बघून आली. मामा म्हणायचे, "सुमे, तू पोरगा असतीस तर धंदा तुझ्या नावावर केला असता." मामी आतून म्हणायच्या, "मंग आता काय झालंय तिला?"

आमच्या दुकानात एक गंमत रोज घडायची. टेपवर एखादी बाई छान बारीक आवाजात गात असायची. तेवढ्यात शेजारी गिरणी सुरू व्हायची, लाइट दबायचा, टेपची मोटर मंद पडायची आणि गाणारी बाई हळूहळू जाड होत होत पुरुष व्हायची. चहाला आलेली माणसं हसायची. मीही हसायची. पण एके दिवशी मामा माईक तपासायला मला म्हणाले, "बोल काय तरी," आणि कोणी बघत नाही असं पाहून मी एका कोऱ्या कॅसेटमध्ये दोन ओळी म्हटल्या. नंतर ती कॅसेट लावली आणि नेमकी गिरणी सुरू झाली. माझा आवाज खाली उतरला. फाटकेपणा गेला आणि भरदार झाला. सूर जिथे माझा थरथरायचा तिथे आता एखादा कसलेला गडी मुद्दाम हेलकावा घेतोय असं वाटायला लागलं. अंगावर काटा आला माझ्या. मी स्वतःला आवडण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता मंचरला माझा लहानसा स्टुडिओ आहे, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. बैलगाड्यांच्या शर्यतीची गाणी करायला पोरं येतात. गळा कोणाचाच धड नसतो, पण छाती सगळ्यांची फुगलेली. येतात आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणतात, "काकू, ट्यून लावा की." कॉम्प्युटरवर एक खुंटी फिरवली की भरकटलेला सूर कान धरून जाग्यावर येतो. मी लावते. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण माझी ट्यूनची पहिली खुंटी म्हणजे शेजारची गिरणी होती, हे त्यांना सांगितलं की त्यांना मी थापा मारतेय असं वाटतं.

तर माझी दहावीची परीक्षा झाली आणि आण्णांचा निरोप आला, सामान बांध, घरी चल. मामींनी रदबदली केली तेव्हा आण्णा स्वतः आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बोरीच्या यात्रेपतूर राहा. मंग मी यीन न्यायला. पोरीच्या जातीनं स्पीकरच्या दुकानात बसून काय मिळवायचं?" ते रागावलेले नव्हते, म्हणून तर मला काही बोलता येईना. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. यात्रेनंतर मेंढरं, घर, आणि लवकरच एखादं स्थळ. माईक, वायरी, त्या कोऱ्या कॅसेटी सगळं संपणार होतं. मला तिथंच राहायचं होतं. एवढं एकच मला हवं होतं आणि ते मागायचं कसं हे ठाऊक नव्हतं.

बोरीच्या यात्रेत बैलगाड्यांचा घाट भरायचा. आमच्याकडे घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव. पुढे घोडी, मागे बैलांचा गाडा, आणि दोन्ही बाजूंना टेकडीभर माणूस. त्या घाटात स्पीकरचं काम मामांचं असे. गाड्याचे मालक आपल्या बैलावर गाणं करून घेत आणि गाडा जुंपला की ते गाणं वाजवायला लावत. त्या साली गेनूशेठना त्यांच्या हौश्या नावाच्या बैलावर गाणं हवं होतं. ठरवलेला गायक ऐन वेळेला दुसऱ्याच मालकाच्या बैलाचं गाणं गायला निघून गेला. गेनूशेठ दुकानात येऊन आदळआपट करून गेले. "बबनराव, माझा हौश्या मुका पळवायचा का मी? गाणं न्हाई तर पुढल्या साली स्पीकर बी तुमचा न्हाई!" मामा डोक्याला हात लावून बसले. हलगी वाजवणारे येऊन टेपवर हलगी भरून गेले होते. शब्द मामींनी जुळवले होते: 'पुढं घोडी, मागं गाडा, वाट सोडा घाटाची, गेनूशेठच्या हौश्याची या चाल न्यारी थाटाची.' सगळं होतं, गळा तेवढा नव्हता.

मी म्हटलं, "मामा, मी म्हणते." मामा माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी गाडा ओढते म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता आणि मी त्यांना गिरणीची गंमत समजावून सांगितली. टेपच्या मोटरला मागून एक बारीक भोक असतं. त्यात छोटा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की मोटर जोरात किंवा हळू पळते. दोन्ही टेप मी जोरात पळवल्या. एकीवर हलगी लावली, ती लाह्या फुटाव्यात तशी तडतडायला लागली. तिच्याबरोबर मी तेवढ्याच घाईत गाणं म्हणायचं आणि दुसरीवर भरून घ्यायचं. मग मोटर पहिल्यासारखी केली की हलगी आपल्या मूळ चालीवर यायची आणि मी गडी व्हायची. हे पहिल्याच दुपारी जमलं. गिरणीवाल्याला जेवायची सुट्टी असायची तेवढ्याच वेळात काम, कारण पट्टा फिरला की सगळं मुसळ केरात.

तरीही आवाज कोरडा वाटत होता. घाटातला गडी असा अंगणात उभा राहून गायल्यासारखा कसा वाटेल? मला मामींची गव्हाची कोठी आठवली. पत्र्याची, माझ्या खांद्याएवढी. जुना गहू संपला होता, नवा यायचा होता, कोठी झाडून रिकामी ठेवली होती. मी माईक आत सोडला, स्टुलावर उभी राहिले आणि कंबरेपर्यंत वाकून कोठीत डोकं घातलं. माझा आवाज पत्र्यावरून फिरून परत माझ्याच कानात आला, मोठा होऊन. मी मनसोक्त ओरडले. मामी ताक घेऊन आल्या तेव्हा त्यांना माझे फक्त पाय दिसले. "अगं बया! सुमे, गहू खाया लागलीस का काय?" म्हणून त्यांनी हातातलं ताक सांडलं. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं.

सूर मात्र माझा चुकतच होता. मोटरनं तो झाकला जाई, पण घालवता येईना. एका ओळीत मी वर घसरायची, दुसरीत खाली. शेवटी मी केलं काय, भरलेलं गाणं लावून त्याच्यावर पुन्हा गायले. मग त्यावर पुन्हा. दर वेळी मी चुकलेच, पण दर वेळी निराळ्या जागी. आणि सगळे आवाज एकत्र ऐकले तेव्हा एक पुढे गाणारा आणि मागे झील धरणारे पाच-सहा गडी उभे आहेत असं वाटलं. मामा चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहिले. एकटा चुकला तर त्याला चूक म्हणतात, पाच जण निरनिराळं चुकले की त्याला झील म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. स्टुडिओत येणाऱ्या पोरांना मी आजही आधी पाच वेळा म्हणायला लावते, मगच कॉम्प्युटरची खुंटी.

गेनूशेठ आले, ऐकलं, आणि मांडीवर थाप मारून उठले. "आरं तिच्या! कुठला म्हणायचा हा गडी?" मामांच्या तोंडून निघून गेलं, "घरचाच हाय." मग माझ्याकडे बोट करून त्यांनी खरंही सांगितलं, पण गेनूशेठना ती चेष्टा वाटली. खो खो हसले. म्हणाले, "तर ह्या घरच्या गड्याला यात्रेत घाटात हुभा करून गायाला लावायचा. माझ्या हातानं फेटा बांधणार मी त्याला, समद्या पंचक्रोशीच्या देखत." आणि गेले. मामा पांढरे पडले. घाटात बायका फिरकतसुद्धा नसत तेव्हा, लांबच्या माळावरून बघायच्या. आणि घाटात तर ना कोठी, ना मोटर. तिथे माझा खरा आवाज उघडा पडणार होता. मामा म्हणाले, "गडी आजारी हाय म्हणून सांगू." मामी म्हणाल्या, "का म्हून? पोरीनं चोरी केली का काय?"

यात्रेच्या आदल्या दिवशी मी मामांबरोबर कर्णे लावायला गेले. एक कर्णा पंचांच्या माचाणाजवळ, एक घाटाच्या तळाशी, आणि एक समोरच्या टेकाडावर. तो टेकाडावरचा कर्णा म्हणजे डोकेदुखी. माचाणावर बोललेला शब्द तिथून उशिरा परत यायचा आणि आवाज दुबार व्हायचा. त्यापायी मामा दर वर्षी शिव्या खायचे. मामा पाना घेऊन तो कर्णा वळवायला निघाले. मी माईकवर नुसती एक हाळी देऊन पाहिली, बोरीत मेंढरांना द्यायची तशी. ती जवळच्या कर्ण्यातून गेली, मग तळातून आली, मग टेकाडावरून. तीन माणसांनी एकामागोमाग साद घालावी तशी. मी म्हटलं, "मामा, नका वळवू. तिथंच असू दे." मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाना खिशात ठेवला.

यात्रेच्या दिवशी घाटात पाय ठेवायला जागा नव्हती. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली होती. भज्यांच्या कढया, पिपाण्या, घोड्यांचं खिंकाळणं, आणि दर थोड्या वेळानं एखादा गाडा वर पोचला की "झाली, झाली, झाली" असा एकच गलका. गेनूशेठचा गाडा जुंपायला लागले तेव्हा मामांनी पुकारलं, "आता हौश्याच्या गाण्याचा गायक माचाणावर येतोय." मी शिडी चढले. मला बघून खालून आवाज आले, "आरं, ही पोरगी कुनाची?" "ए बाय, खाली उतर, गाडा सुटंल!" गेनूशेठ हातात गुलाबी फेटा घेऊन उभे होते, त्यांचं तोंड लाल झालं. "बबनराव, चार मान्सांत माझी चेष्टा करता?"

मामा टेपकडे वळले. त्यांनी टेप सुरू केली. तो भरदार गडी घाटभर गायला लागला, 'पुढं घोडी, मागं गाडा...' आणि ओळ चालू असतानाच मामांनी मागच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला. गडी वर चढायला लागला. आवाज बारीक होत गेला, जाडपणा सुटत गेला, हलगी तडतडू लागली, आणि सगळ्या घाटाच्या देखत त्या गड्याची सुमी झाली. तिन्ही कर्ण्यांतून माझा खराखुरा फाटका आवाज येत होता. माणसं माझ्याकडे बघायची, कर्ण्याकडे बघायची. मामांनी टेप बंद केली आणि माईक माझ्या हातात दिला.

मला गाता येत नाही. ते तिथेही आलं नसतं. म्हणून मी गायलेच नाही. पोटातून हाळी दिली, "हौश्या आलाऽऽ रंऽऽ!" आणि थांबले. तळातून आली, "हौश्या आलाऽऽ रंऽऽ!" टेकाडावरून आली. ती विरते न विरते तोच उजव्या अंगाच्या खडकावरून चौथी हाळी आली, आणि तिथे तर कर्णा नव्हता. पांढऱ्या पटक्यातला माणूस तोंडाशी हात धरून उभा होता. आण्णा होते. एकानं हाळी दिली की दुसऱ्यानं ओ द्यायची, ही मेंढपाळाची रीत. ती मोडायची नाही म्हणून त्यांनी दिली, की माझ्यासाठी दिली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण त्यांच्या मागोमाग सगळी टेकडी ओरडली. मी हाळी द्यायची, कर्णे ती फिरवायचे, आणि हजारो गळे झील धरायचे. त्या गर्दीत कोण सुरात होतं आणि कोण नव्हतं, देव जाणे! गाडा सुटला, घोडी पुढे, हौश्या मागे, आणि धुरळ्याचा लोट वर चढेपर्यंत पंचांनी गाडा पोचल्याचं निशाण पाडलंसुद्धा.

गेनूशेठ शिडी चढून आले. फेटा लांबलचक, माझ्या डोक्यावर बांधल्यावर तो भुवयांच्या खाली आला. त्यांनी तो दोन बोटांनी वर केला आणि म्हणाले, "गडी हाय खरा." माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत. आनंदानं रडणं म्हणजे काय ते मला त्या माचाणावर कळलं. खाली उतरले तर आण्णा मामांशी बोलत उभे होते. माझ्याकडे न बघता ते मामांना म्हणाले, "राहू दे हिला तुमच्याकडंच. घरच्या परीस हितून हिची हाळी लई लांब जाती." आणि खिशातून चुरगळलेली रेवड्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली. मी तिथेच फेट्यासकट उभी राहून रेवड्या खाल्ल्या.

एक सांगायचं राहिलं. माचाणावर मी हाळी देत होते आणि सगळा घाट झील धरत होता, तेव्हा अगदी पुढच्या रांगेत मला पेटीमास्तर दिसले. टोपीवर भंडारा, मान वर, डोळे माझ्याकडे. जीव तोडून म्हणत होते बिचारे. पण त्या गलक्यात त्यांचा आवाज काही माझ्यापर्यंत पोचत नव्हता. नुसतं तोंड हलताना दिसत होतं.